शेअर्ड होस्टिंग की व्हीपीएस? 'अनलिमिटेड'कडे न पाहता निवडा

होस्टिंगच्या जाहिरातीत 'अनलिमिटेड डिस्क, अनलिमिटेड बँडविड्थ' ठळक लिहिलेलं असतं. छोटी साइट या दोन गोष्टी संपल्यामुळे क्वचितच अडते. ती अडते एकाच वेळी किती पीएचपी प्रोसेस (साइटचं पान तयार करणारे प्रोग्रॅम) चालू शकतात यावर, आणि तो आकडा प्लॅनच्या तपशिलात तळाशी कुठेतरी असतो.

शेअर्डमध्ये एका सर्व्हरवर शेकडो साइट्स असतात, बऱ्याचदा एकाच आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावर. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत डोमेनचं नाव पाठवतो, त्यावरून अपाची किंवा लाइटस्पीडसारखं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर योग्य फोल्डरमधलं पान देतं. एका साइटने सगळा सर्व्हर खाऊ नये म्हणून अनेक कंपन्या क्लाउडलिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरतात. त्यात प्रत्येक खात्याला सीपीयू, मेमरी आणि 'एंट्री प्रोसेस'ची, म्हणजे वर सांगितलेल्या एकाच वेळच्या प्रोसेसची, मर्यादा असते. समजा ती 20 आहे. पान तयार व्हायला एक सेकंद लागत असेल, तर सेकंदाला 20 पानं निघतील. जड प्लगइनमुळे चार सेकंद लागू लागले, की फक्त पाच. त्यापुढच्या पाहुण्याला 508 (मर्यादा संपली) एरर दिसते. म्हणून शेअर्डवर पेज कॅशे, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून ठेवायची सोय, लावाच; कॅशेतलं तयार पान देताना पीएचपीवरचा भार जवळजवळ नाहीसा होतो.

व्हीपीएस म्हणजे मोठ्या सर्व्हरमधला तुमचा वेगळा आभासी सर्व्हर. त्यावर, विशेषतः केव्हीएम हे तंत्र वापरलं असेल तर, स्वतःचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि ठरलेली रॅम मिळते. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लावा, पीएचपीचे वर्कर (प्रोसेस) हवे तितके ठेवा. सीपीयू मात्र बहुतेक प्लॅनमध्ये शेजाऱ्यांसोबतच वाटून घ्यावा लागतो. लिनक्सच्या 'टॉप' कमांडमधला 'एसटी' आकडा (सीपीयू दुसऱ्यांना दिल्यामुळे तुमच्या सर्व्हरला थांबावं लागलेला वेळ) सतत वर राहत असेल, तर होस्टने मशीनवर गर्दी केली आहे असं समजा. शिवाय सिक्युरिटी अपडेट, फायरवॉल, बॅकअप हे सगळं तुमच्या गळ्यात. रॅम संपली की कर्नल बहुधा सगळ्यात मोठी प्रोसेस मारतो, म्हणजे अनेकदा मायएसक्यूएल हा डेटाबेसच, आणि साइट 'डेटाबेस कनेक्शन' एररवर थांबते.

ब्लॉग, संस्थेची माहिती, पोर्टफोलिओ: माझं मत शेअर्ड आणि कॅशे. सगळ्यांना एकच पान दिसत असताना सर्व्हर सांभाळण्यात वेळ घालवणं मला पटत नाही. दुकान, लॉगिन, परीक्षेचा फॉर्म असेल तर प्रत्येकाचं पान वेगळं, कॅशे फारसा उपयोगी नाही. तिथे व्हीपीएसच घ्या. सांभाळायला माणूस नसेल तर मॅनेज्ड व्हीपीएस (देखभाल कंपनीच करते तो), महाग पडला तरी.

ईमेल दोन्हीकडे वेगळ्या सेवेवर ठेवा. शेअर्डवर शेजाऱ्याने स्पॅम पाठवला तर आयपी ब्लॅकलिस्ट होतो आणि तुमची पत्रंही अडकतात.

पैसे भरण्याआधी सपोर्टला तीन गोष्टी लेखी विचारा: एंट्री प्रोसेस किती, आयनोडची (एकूण फाइल आणि फोल्डरच्या संख्येची) मर्यादा किती, आणि बॅकअप त्याच मशीनवर ठेवता की दुसरीकडे. तिसऱ्याचं उत्तर 'त्याच मशीनवर' असेल, तर तो बॅकअप धरू नका.