बॅस्ट्रॉपची दगडी केबिन : दोन रात्रींचा मुक्काम (साडेचार तारे)

अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनला मुलाकडे आलो की दर खेपेला तेच मॉल, तेच देऊळ आणि तेच वाणसामानाचं दुकान. या वेळी सूनबाईने बरेच महिने आधी बुकिंग करून बॅस्ट्रॉप स्टेट पार्कमधली केबिन घेतली. अंतर पन्नासेक किलोमीटर. मी जरा आढेवेढे घेतले. जंगलात जाऊन काय बघायचं, दगड? तर दगडच बघितले, आणि दोन दिवस पुरले नाहीत.

मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर होतो. नोकरीची पहिली नऊ वर्षं रोजगार हमीच्या कामांवर गेली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची खडी. ‘दुष्काळी काम’ म्हटलं की दर्जा यथातथाच, हे मीच गृहीत धरलेलं. मस्टर भरायचं, मापं घ्यायची, पगार वाटायचा. पहिल्या पावसात जे वाहून जाईल ते जाईल.

ही केबिनही दुष्काळी कामातलीच. दुष्काळ फक्त पैशाचा होता. १९२९ च्या मंदीनंतर अमेरिकेत तरणीताठी पोरं कामाविना भटकत होती. रूझवेल्ट ४ मार्च १९३३ ला अध्यक्ष झाले आणि ३१ मार्चला या पोरांना काम देणाऱ्या कायद्यावर सही करून मोकळे. सात एप्रिलला पहिला पोरगा भरतीसुद्धा झाला! आमच्याकडे एवढ्या दिवसांत अंदाजपत्रक वरच्या ऑफिसातून शेरा मारून परत येतं. योजनेचं नाव सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर, थोडक्यात सीसीसी, म्हणजे जंगलांची आणि पार्कांची कामं करणारी पोरांची फौज. सुरुवातीला वय १८ ते २५, लग्न न झालेला, बेकार. छावणी चालवायचं लष्कर. महिना ३० डॉलर, त्यातले २५ परस्पर घरी, पोराच्या हातात पाच. हे मला फार पटलं. पगाराच्या संध्याकाळी कामावरून थेट गुत्त्याकडे वळणारी पावलं मी पाहिली आहेत.

आता केबिन. तांबूस सँडस्टोन, इथल्याच परिसरातला. घर इतकं बुटकं आणि जमिनीला धरून बांधलंय, की लांबून कातळच वाटावा. आत फायरप्लेस, स्वयंपाकाचा कोपरा, बाथरूम, एसी. मंडळी सामान लावत होती आणि मी भिंतीला हात लावून फिरत होतो. दगड एका मापाचे नाहीत, मोठा खाली, लहान वर, मध्येच एखादा आडवा लांबलचक. पण सांधे फोडत नेलेत, म्हणजे खालच्या दोन दगडांच्या उभ्या सांध्यावर वरचा अख्खा दगड येतो. सांध्यावर सांधा आलेला मला एकाच ठिकाणी सापडला, मागच्या बाजूला, जमिनीपासून तिसऱ्या थरात. आमच्या मुकादमाने तेवढ्यावरून थर उतरवायला लावला असता. त्याच्या वरचे थर बघितले तर चोख. त्या पोराला कुणीतरी लगेच टोकलं असणार. छावणीत स्थानिक जाणते कारागीर शिकवायला ठेवलेले असत, ते वाया गेले नाहीत. टेबलं-खुर्च्यांसाठी तर इथे सुतारशाळाच होती, आणि टेक्सासच्या इतर पार्कांनाही फर्निचर इथूनच गेलं.

१९३३ ते १९३९ इथे १८०५ आणि १८११ नंबरच्या दोन कंपन्यांनी, म्हणजे सीसीसीच्या तुकड्यांनी, काम केलं. केबिन, तलाव, भोजनगृह, वळणावळणाचा रस्ता, सगळं त्यांचंच. भोजनगृह चुकवू नका.

झाडं बघून मात्र मन खट्टू होतं. इथल्या लॉबलॉली पाइनना ‘हरवलेले पाइन’ म्हणतात, कारण पूर्व टेक्सासच्या मुख्य पाइन जंगलापासून हे बेट शंभरावर मैल लांब पडलंय. सप्टेंबर २०११ च्या वणव्यात पार्कचा ९६ टक्के भाग होरपळला. आसपासची सोळाशेहून जास्त घरं गेली. या केबिन आगवाल्यांनी लढून वाचवल्या. पुन्हा लावलेले पाइन आता बऱ्यापैकी उंच झालेत, तरी सावलीच्या आशेने जाऊ नका. टोपी घ्या.

अर्धा तारा कापलाय, तो केबिनवर नाही. सीसीसीच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की वंश, वर्ण, धर्म बघून भेद करायचा नाही. ते कलम घालून घेणारे ऑस्कर डी प्रीस्ट हे तेव्हा संसदेतले एकटे काळे सभासद. तरी १९३५ मध्ये वरून हुकूम निघाला, काळ्या पोरांच्या छावण्या वेगळ्या करा. आमच्या कामावरही पाण्याचे माठ दोन असायचे. मस्टरवर एकच यादी आणि माठ दोन. मी तेव्हा काही बोललो नव्हतो.

जेवणाचं सांगतो. वाटेतल्या एका बार्बेक्यूवाल्याकडे शाकाहारी म्हणून आमच्या हिला गारढोण बटाट्याचं सॅलड आणि लोणच्यातली काकडी मिळाली, पैसे मात्र पूर्ण ताटाचे. त्यापेक्षा केबिनमध्येच करा. भांडी आपली आपण न्यायची. आम्ही पीठ, तिखट, लसूण सगळं नेलं आणि तवा विसरलो. सूनबाईने गावात जाऊन एक जाड बिडाचा तवा आणला, त्यावर रात्री थालीपिठं झाली. तो तवा आता आमच्या बॅगेत आहे, साडेतीन किलोचा. विमानात वजनाचं काय करायचं ते मुलाने बघावं.