आधी ‘सोलारिस’ की ‘रोडसाइड पिकनिक’?

कम्युनिस्ट राजवटीतली विज्ञानकथा इंग्रजीतून वाचायची म्हटलं की बहुधा या दोनच कादंबऱ्या समोर येतात. दोन्हींत माणसाला परग्रहावरच्या बुद्धीचा थांगपत्ता लागत नाही. वाचनाचा अनुभव मात्र पार वेगळा.

अर्काडी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या सोव्हिएत लेखक-बंधूंची ‘पिकनिक’ छोटी आणि वेगवान. परग्रहावरचे पाहुणे येऊन गेले, मागे कचरा टाकून गेले. नायक रेड्रिक शूहार्ट तो कचरा ‘झोन’मधून, म्हणजे पाहुणे उतरले त्या धोकादायक भागातून, चोरून आणतो. पुढची जागा सुरक्षित आहे का हे तो नट फेकून बघतो. ‘रिकामा’ नावाची वस्तू तर डोळ्यांसमोर उभी राहते: बशीएवढ्या दोन तांब्याच्या चकत्या, मध्ये सुमारे ४०० मिलिमीटर अंतर आणि त्या अंतरात काहीच नाही. तरी त्या ना जवळ येतात, ना लांब जातात.

पोलिश लेखक स्तानिस्लाव्ह लेमची ‘सोलारिस’ (१९६१) धीम्या गतीची. सोलारिस या ग्रहावरच्या संशोधन केंद्रात नायक केल्विनची मृत पत्नी हॅरी परत येते. तिच्या झग्याला बटणं आहेत, पण ती नुसती शोभेची, झगा उघडायची सोयच नाही. या एका तपशिलाने अंगावर काटा येतो. अडचण मधल्या प्रकरणांची: त्या ग्रहाच्या अभ्यासाच्या, म्हणजे काल्पनिक ‘सोलारिसशास्त्रा’चा इतिहास पानंच्या पानं चालतो. अनेक जण तिथेच पुस्तक मिटतात. खरं तर लेमची थट्टा तिथेच सगळ्यात धारदार आहे.

सेन्सॉरचा जाच ‘पिकनिक’ला जास्त झाला. १९७२ मध्ये ती लेनिनग्राडच्या ‘अवरोरा’ मासिकात आली, पुस्तकरूपात यायला १९८० उजाडलं, तेही काटछाट होऊन. गंमत म्हणजे संपादकांना खुपत होती ती मुख्यतः पात्रांची शिवराळ भाषा, मारामारी आणि ‘अनैतिक’ वागणं.

घेताना अनुवादकाचं नाव आधी बघा. ‘पिकनिक’चा २०१२चा ओलेना बोर्माशेंको यांचा अनुवाद घ्या, तो मूळ रूपात परत आणलेल्या संहितेवरून केलेला आहे आणि शेवटी बोरिस यांनी छपाईची सगळी कटकट सांगितली आहे. ‘सोलारिस’चा १९७०चा किलमार्टिन-कॉक्स अनुवाद पोलिशवरून नाही, फ्रेंचवरून झालेला, त्यात हॅरीची ‘रेया’ आणि केंद्रातल्या स्नाउट या शास्त्रज्ञाचा ‘स्नो’ झाला. लेमलाही तो पसंत नव्हता. थेट पोलिशवरून केलेला बिल जॉन्स्टनचा अनुवाद २०११ मध्ये ऑडिओबुक म्हणून आला, पुढे ई-बुकही निघालं. छापील प्रतच हवी असेल तर गाठ बहुधा ‘रेया’शीच पडेल.

नव्या वाचकाने ‘पिकनिक’पासून सुरुवात करावी. तात्त्विक लांबण आवडत असेल, तर खुशाल ‘सोलारिस’ आधी.