चामड्याची सीट, रायबंदरचा कॉजवे आणि माझं बूड

आधीच सांगून टाकतो, सायकलची ही चामड्याची सीट चांगली आहे, पैसे वाया गेले नाहीत. पण पहिले तीन आठवडे मी जेवायला उशी घेऊन बसत होतो आणि बायको पानावर वाढता वाढता हसत होती, तेव्हा घेणार असाल तर नीट वाचून मग घ्या.

फेब्रुवारीत घेतली, आता नोव्हेंबर. मधे साधारण चौदाशे किलोमीटर झालेत. मी डिचोलीचा, आठवड्यातून दोनतीनदा सायकलने पणजीला कामाला जातो, मये, चोडण, मग फेरीबोट, रायबंदर आणि शेवटी कॉजवेवरून, म्हणजे पाण्याकाठी भराव घालून केलेल्या रस्त्यावरून, पणजी. वीसेक किलोमीटर होतं. सायकल साधी हायब्रिड, म्हणजे रेसची आणि डोंगरातली यांच्या मधली, तिच्यासोबत आलेली सीट अरुंद, रेसवाल्यांची असते तशी. तिच्यावर पहिल्या वर्षी गाडी चालवली म्हणजे काय तर सहन केलं. मग सगळे करतात तेच मी केलं, जेलचं मऊमऊ कव्हर आणून चढवलं. दुकानात बोटाने दाबून बघितलं तर एकदम लोण्यासारखं. अर्ध्या तासाने पुढचा सगळा भाग बधिर! तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं, की फार मऊ असलं की बसायची हाडं आत रुततात आणि मधला भाग वर येऊन नेमका जिथे दाबायला नको तिथे दाबतो. म्हणजे मऊ असलं की सुख, हा हिशोब सोफ्याला चालतो, सायकलला नाही.

मग पुठ्ठ्याचा प्रयोग केला, हा तुम्हीही करा, फुकट आहे. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवायचा, पातळ चड्डीवर त्यावर बसायचं, पाय जरा वर घेऊन पुढे वाकायचं आणि उठायचं. दोन खड्डे दिसतात, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. माझं बारा सेंटीमीटर आलं आणि जुनी सीट होती तेरा रुंद, म्हणजे माझी हाडं तिच्या अगदी कडेवर टांगलेली होती. सीट या मापापेक्षा निदान दोनेक सेंटीमीटर रुंद हवी, आणि चामड्याची असेल तर अजून जास्त, कारण तिच्या मागच्या कडेला लोखंडी पट्टी असते, तिच्यावर हाड आलं तर मेलात.

चामड्याची म्हटलं की सगळे ब्रुक्सचंच नाव घेतात. इंग्लंडची कंपनी, 1866 सालची, आणि त्यांचं बी17 मॉडेल शंभरावर वर्षं जवळजवळ तसंच चाललंय. पण त्या किमतीत माझं घरी ऐकून घेतलं गेलं नसतं, म्हणून त्याच घाटाची देशी बनावटीची घेतली, साडेतीन हजारांना. हातात घेतली तर लाकडाचा पाट! खरंच सांगतो, टकटक वाजते. आत गादी नाही, फोम नाही, नुस्तं जाड चामडं दोन टोकांना झोळीसारखं ताणलेलं, आणि ते हळूहळू तुमच्या हाडांच्या जागी दबत जाणार अशी कल्पना. पायताण पायाला बसतं ना, तसंच.

आता दुकानाबद्दल. नाव घेत नाही, माणूस स्वभावाने चांगला आहे, पण बसवताना त्याने सीटचं नाक, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, वर करून ठेवलं आणि सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची उभी नळी, होता तिथेच ठेवला. चामड्याची सीट जुनीपेक्षा उंच असते हे त्याच्याही लक्षात नाही आलं नि माझ्याही. परिणाम असा की पेडल खाली गेलं की कंबर डावीउजवीकडे हलायची आणि मांडीचा आतला भाग घासून घासून लाल. दोन दिवस मी सीटलाच शिव्या देत होतो. मग घरी टाच पेडलवर ठेवून बघितलं, पेडल तळाला असताना गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, माझी टाच पोचतच नव्हती. दोन सेंटीमीटर खाली घेतली. नाकासाठी पुढून मागेपर्यंत फूटपट्टी आडवी टाकली, मोबाईलवरचं लेव्हलचं अ‍ॅप लावलं, सरळ केली, मग केसभर नाक वर. फार खाली केलं तर तुम्ही पुढे घसरता आणि हातांवर वजन येऊन मनगटं दुखतात, तेही करून बघितलंय. निम्मं दुखणं या एका अ‍ॅलन कीने, सहा कोनांच्या किल्लीने, गेलं, दोन दिवसांची शिव्यांची मेहनत फुकट.

उरलेलं निम्मं मात्र वेळेनेच जातं. आणि हे दुखणं कुठलं ते ओळखा. हाडांच्या जागी मुका मार लागल्यासारखं दुखत असेल तर ठीक आहे, दोनतीन आठवड्यांत जातं. बधिर होत असेल, मुंग्या येत असतील किंवा कातडं सोलत असेल तर ते सवयीने जात नाही, तिथे काहीतरी चुकलेलं आहे, उंची, तिरकेपणा नाहीतर सीटच. फोड आला तर सरळ सुट्टी घ्या, वाढला तर डॉक्टरला दाखवा, लाज कसली त्यात.

मला वाटायचं मयेच्या चढावर सगळ्यात जास्त दुखेल. उलटं झालं. चढाला आपण आपोआप उभं राहतो, उताराला बूड उचलतो, चोडणला फेरीची वाट बघत पाय मोकळे होतात. खरा मार तो कॉजवेवर! पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला, तीन किलोमीटर सपाट, बाजूला मिठागरं, एकसारखं पेडल मारत बसायचं आणि उठायला कारणच नाही. म्हणून मीच कारण ठरवलं, दर दहा मिनिटांनी दहा पेडलं उभं राहून. गावात एका सकाळी पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, भेटला, मागे पावाची भलीमोठी टोपली, मला म्हणतो, "कित्याक रे, उबोच रावून चलयता?" (का रे, उभं राहूनच चालवतोस?) त्याची सीट बघा, रुंद रेक्झिनची, खाली स्प्रिंगा. तो ताठ बसतो, सगळं वजन बुडावर, त्याला तशीच लागते. मी पुढे वाकतो, थोडं वजन हातांवर जातं, त्याची सीट मला मांड्यांत अडकली असती.

कपड्यांचं एकच सांगतो, पॅडवाली शॉर्ट घातली तर आत अंडरवेअर घालायची नाही. शिवण घासते. मला हे चाळिशीत कळलं. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात टाल्कम पावडर लावू नका, घामाने तिची कणीक होते. पोचलं की लगेच धुवायचं, कपडे बदलायचे, बस.

साधारण सहाशे किलोमीटरनंतर दोन खळगे दिसायला लागले, आणि एक दिवस रायबंदर आलं तरी सीटची आठवणच झाली नाही. त्या दिवसापासून पाचपैकी साडेचार दिले असते.

पण मग जून आला. गोव्याचा पाऊस आणि चामडं, सांगायला नको. एकदा भिजलेल्या सीटवर तसाच बसून घरी आलो तर मधे खोलगट झाली, ओल्या चामड्यावर वजन पडलं की ते ताणलं जातं. सावलीत दोन दिवस वाळवली, मग नाकाखालचा बोल्ट पाव फेरा कसला, पावच, जास्त कसलं तर चामडं लवकर फाटतं. जुलैत आठ दिवस सायकल काढली नाही तर वर हिरवट बुरशी. आता आंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवतो, दहा रुपयाची, दुकानदाराच्या कव्हरपेक्षा बरी. अजून एक, आपल्याकडे जो भेटेल तो खोबरेल लावायला सांगतो, सासूबाईंनी तर वाटीच आणून ठेवली होती. नको. तेल जास्त मुरलं की चामडं लोळागोळा होतं. चामड्याचं मेणासारखं मलम मिळतं, ते महिनादीड महिन्यातून पातळसं, आणि नवी असताना एकदा खालूनही.

करकर आवाज येतो, अजून गेलेला नाही, सीटखालच्या दांड्या जिथे अडकतात तिथे थेंबभर तेल सोडलं की चार दिवस गप्प. त्याचा अर्धा आणि पावसाचा अर्धा कापून चार देतो. पावसाळ्यात रोज चालवणार असाल तर मधे फट असलेली साधी रुंद सिंथेटिक घ्या, कटकट नाही. चामड्याचीच हवी असेल तर आत्ता घ्या, जूनपर्यंत सहाशे किलोमीटर होतात. माझी जुनी अरुंद सीट भाच्याने नेली, तो म्हणतो एकदम मस्त आहे, त्याचं पुठ्ठ्यावरचं माप साडेदहा आलं.