पर्ज व्हॉल्व्ह तपासायचा हँड व्हॅक्यूम पंप: उन्हाळाभर वापरल्यानंतर

टाकी भरून निघालं की गाडी लवकर स्टार्ट होत नाही, सिग्नलला आयडलिंग डळमळतं, बॉनेटजवळ पेट्रोलचा वास येतो. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये ४० च्या वर जातो, टाकीत वाफ भरपूर धरते आणि हा त्रास जास्तच जाणवतो. टाकीतली वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यातल्या कोळशात साठते. पर्ज व्हॉल्व्ह ती इंजिनच्या ओढीवर थोडी थोडी आत सोडतो. करंट नसेल तेव्हा हा व्हॉल्व्ह घट्ट बंद हवा, गळला की वरचा त्रास सुरू.

होटगी रोडच्या गॅरेजवाल्या मामांनी व्हॉल्व्हला १२ व्होल्ट देऊन पाहिलं. "मालक, टिकटिक वाजतंय, मीटरवर ओहमपण बरोबर हाय. व्हॉल्व्ह चांगलाय." इथेच बहुतेक तपासण्या थांबतात, आणि माझा आक्षेप नेमका यालाच आहे. टिकटिक म्हणजे कॉइल शाबूत आहे आणि आतला प्लंजर हलतोय, एवढंच. प्लंजर जिथे टेकून व्हॉल्व्ह बंद होतो त्या सीटवर कोळशाचा बारीक कण अडकला असेल तरी आवाज तसाच येतो. व्हॉल्व्ह काढून इंजिनकडच्या नळीला हाताने हवा ओढायचा हा पंप लावला, मीटरवर १५ इंचांपर्यंत (पाऱ्याचे इंच) व्हॅक्यूम ओढला, तर काटा डोळ्यांदेखत शून्यावर आला, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असतानाही गळत होता. मामाही गप्प झाले. नवीन व्हॉल्व्ह बसवण्याआधी तोही तसाच तपासला. काटा जागचा हलला नाही. त्यानंतर टाकी फुल्ल केल्यावरही गाडी एका सेल्फमध्ये उठते.

आता ओळखीच्यांच्या गाड्यांनाही हाच पंप लावतो. शक्यतो अक्कलकोट रोडला चक्कर मारून आल्यावर, व्हॉल्व्ह गरम असतानाच. थंडपणी धरून ठेवणारा व्हॉल्व्ह तापल्यावर गळताना मी पाहिलाय. काम मोकळ्या हवेत करायचं, आणि १२ व्होल्टची वायर व्हॉल्व्ह गाडीपासून लांब नेऊनच जोडायची, कारण ठिणगी उडते.

पंपाची बॉडी धातूची आहे, मूठ हातात छान बसते. सोबतचे रबरी जोड मात्र सुमार. उन्हात कडक होऊन भेगाळले, तेव्हा चांगली नळी वेगळी आणली. म्हणून आधी पंपाचंच तोंड अंगठ्याने दाबून काटा थांबतो का ते बघायचं, नाहीतर चांगला व्हॉल्व्ह फुकट बदलला जाईल.

आणि पेट्रोल भरताना ऑटो-कट झाल्यावर "राउंड फिगर करू का?" विचारलं, तर सरळ नाही म्हणा. जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरलं की कोळसा भिजतो, आणि कॅनिस्टर व्हॉल्व्हपेक्षा बराच महाग पडतो.