फिलिप्स की डेलॉन्गी? आधी घरातलं दूध बघा

घरासाठी फुल्ली ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीन बघायला लागलं की बरेच जण दोन नावांपाशी अडतात: फिलिप्स ३२०० लाते-गो आणि डेलॉन्गी मॅग्निफिका एस. बिया दळणं, पावडर दाबणं, गरम पाणी सोडणं हे सगळं दोन्ही मशीन आतल्या आत करतात. खोक्यावरच्या '१५ बार'च्या (बार म्हणजे दाबाचं माप) आकड्यावर जाऊ नका. ती पंपाची कमाल ताकद; एस्प्रेसोला ९ च्या आसपास पुरतात. नुसती काळी कॉफी पिणार असाल तर कपात फार फरक जाणवणार नाही.

खरा फरक दुधाचा. फिलिप्सचं लाते-गो, म्हणजे दुधाचं भांडं, दोन तुकड्यांचं, मध्ये एकही नळी नाही. तुकडे सुटे केले की दुधाची सगळी वाट उघडी पडते, साय कुठे अडकली ते दिसतं, आणि नळाखाली धरलं की काम संपलं. सायीच्या दुधाच्या घरात ही सोय मला फार मोलाची वाटते. मात्र दूध किती तापावं हे तुमच्या हातात नाही. फेस छान येतो, पण वाफाळत्या चहाची सवय असलेल्या सासूबाईंना ती कॉफी कोमटच वाटेल.

मॅग्निफिका एसला वाफेची नळी आहे. भांडं हातात धरून दूध हवं तेवढं कडक तापवा. त्यानंतर लगेच ओल्या फडक्याने नळी पुसायची आणि क्षणभर वाफ सोडायची. जरा रेंगाळलात तर दूध वाळून घट्ट चिकटतं. सकाळच्या घाईत चौघांसाठी हे करणं जिवावर येतं, तिथे मी लाते-गोच घेईन. एकट्या-दुकट्याला, गरम पिणाऱ्याला मॅग्निफिका.

दोन्हींचा ब्रू ग्रुप, म्हणजे कॉफी दाबणारा भाग, बाहेर काढून धुता येतो. कोमट पाणी पुरे, साबण नको. युरा (Jura) कंपनीच्या महागड्या मशीनमध्ये तो आतच बसवलेला असतो, सफाई गोळी टाकून करायची. कोकणातल्या पावसाळ्यात ओल्या चोथ्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही, म्हणून हाताने काढता येणारा भागच मला हवा.

बोअरचं जड पाणी असेल तर डिस्केलिंग, म्हणजे आत साचलेले क्षार काढणं, दोन्हींना चुकत नाही. फिलिप्सचा फिल्टर वेळच्या वेळी बदलला तर ५००० कपांपर्यंत ते लागत नाही, असं कंपनी सांगते. फिल्टरचा खर्च आधीच धरा.

आणि चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पावडर या दोन्हींत घालू नका. ओली झाली की ती आत चिकटून बसते. तिच्यासाठी पितळी फिल्टरच बरा.