इंग्रजी इडियम्स: यादी पाठ करायची की वाचून कान तयार करायचा?

हे ठरवण्याआधी परीक्षा कोणती ते बघा. 'इडियम' या नावाखाली सगळीकडे एकच गोष्ट विचारत नाहीत.

कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएलमध्ये (पदवीधरांसाठीची केंद्र सरकारी नोकरीची परीक्षा) 'अ बोल्ट फ्रॉम द ब्लू' (अचानक आलेला धक्का) असा वाक्प्रचार देतात आणि चार पर्यायांतून अर्थ निवडायला सांगतात. इथे यादीला पर्याय नाही. नुसत्या शब्दांवरून अर्थ लागत नाही. पाठ असेल तर काही सेकंदांत दोन गुण, आणि टियर १ मध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, उत्तर चुकलं तर अर्धा गुण वजा. आधी जुन्या प्रश्नपत्रिकांमधले वाक्प्रचार करा, जाडजूड पुस्तक नंतर.

एसीटीत, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेत, असा अर्थ विचारत नाहीत. कोणत्या शब्दापुढे कोणतं प्रिपोझिशन येतं, कोणती जोडी कशी पूर्ण होते, हे तपासतात. इथे नुसत्या यादीवर विसंबणारा कुठे फसतो ते बघा: 'मेनी क्रिटिक्स रिगार्ड द नॉव्हेल, डिस्पाइट इट्स स्लो ओपनिंग, टू बी हर फायनेस्ट वर्क.' 'रिगार्ड' बरोबर 'अ‍ॅज' येतं हे त्याला पाठ असतं. पण मध्ये स्वल्पविरामांचा तुकडा घुसला, 'टू बी' कानाला बरं वाटलं, आणि 'नो चेंज'वर (वाक्य बरोबर आहे, बदल नको या पर्यायावर) खूण झाली. मधला तुकडा बोटाने झाकून वाचा, चूक लगेच दिसते. ही सवय यादीतून येत नाही, वाक्यं सोडवूनच येते.

मग नुसतं वाचन पुरेल का? मला तसं वाटत नाही. आपला कान ज्या इंग्रजीवर घडलाय, त्यात 'डिस्कस अबाउट' आणि 'सीनियर दॅन' सर्रास चालतं. मराठीत आपण विषयावर चर्चा करतो आणि कुणापेक्षा तरी ज्येष्ठ असतो, कुणाशी तरी लग्न करतो; म्हणून 'मॅरीड विथ' खटकतच नाही. परीक्षेला हवं असतं नुसतं 'डिस्कस', 'सीनियर टू', 'मॅरीड टू'. अमेरिकन मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत 'कानाला विचारा' असा सल्ला मिळतो, तो आपल्या मुलांना जसाच्या तसा देऊ नये. त्यापेक्षा सराव चाचण्यांत आपण स्वतः जिथे चुकलो, तेवढ्याच जोड्या वहीत पूर्ण वाक्यासकट लिहाव्यात. पाचशे जोड्यांच्या तयार पीडीएफपेक्षा ही छोटी वही जास्त गुण देते.

सॅट ही अमेरिकन कॉलेज प्रवेशाचीच दुसरी परीक्षा; ती देणाऱ्यांनी यात फार वेळ घालवू नये. डिजिटल सॅटमध्ये व्याकरणाचा भर विरामचिन्हं, वाक्यांच्या सीमा, क्रियापदाची रूपं यांवर आहे. इडियमचा वेगळा गट नाही. एमबीए प्रवेशाच्या जीमॅटचं तर कामच संपलं: नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या स्वरूपात सेंटेन्स करेक्शन, म्हणजे वाक्यातली चूक सुधारण्याचे प्रश्नच, काढून टाकलेत. जुनी पुस्तकं अजून विकली जातात, त्यातला तो भाग सरळ सोडून द्या.

राहिला प्रश्न दोन पर्यायांत अडकल्यावर काय करायचं. २०२५ पासूनच्या नव्या एसीटीत इंग्रजीचे ५० प्रश्न ३५ मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला सरासरी ४२ सेकंद, आणि चुकीला गुण कापत नाहीत. तेव्हा एक पर्याय भरा आणि पुढे सरका. सीजीएलमध्ये चारातले निदान दोन पर्याय खोडता आले तरच ठोका.