‘वॉटरप्रूफ’ खुराड्यापायी १९,९५० रुपये पाण्यात

कोकणात परसात कोंबड्या पाळणाऱ्यांनी हे वाचाच. पावसाच्या तोंडावर मोबाइलवर ‘२० पक्ष्यांचं खुराडं, वॉटरप्रूफ प्लाय, जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) जाळी’ अशा जाहिराती येऊ लागतात. त्यातलं एक आम्ही मागवलं. किंमत १८,५००. निम्मे आगाऊ, उरलेले ९,२५० गाडी दारात आल्यावर, पण खोकं उघडायच्या आधी. वर भाडं १,४५०. म्हणजे माल बघायच्या आधीच सगळे पैसे गेले.

आला तो पार्टिकल बोर्ड. भुसा दाबलेला, वर रंगीत कागद. पहिल्या जोराच्या सरीत कडा फुगल्या, स्क्रू बोटांनी निघायला लागले.

व्हिडिओ आठवला की अजून डोकं फिरतं. तो माणूस छपरावर बादलीने पाणी ओततो, भिंतीवर थापा मारतो, पण कापलेली कड एकदाही दाखवत नाही. सगळी मेख तिथेच! प्लायच्या कडेला थर दिसतात, याच्या कडेला भुसा. कडेचा फोटो मागितला तर म्हणे, “ताई, पट्टी बसवलेली असते, कड दिसत नाही.” चांगल्या खुराड्यालाही पट्टी असतेच, मग संशय कशावरून घ्यायचा? माप ६ बाय ७ फूट लिहिलेलं, म्हणजे ४२ चौरस फूट. पक्ष्याला २ चौरस फूट धरले तर हिशेब बरोबर. प्रत्यक्षात ते जाळीच्या अंगणासकट निघालं. आतली जागा ४ बाय ३, म्हणजे फक्त ६ कोंबड्यांची. आतलं माप वेगळं लिहून घ्या!

छपराची भिंतीबाहेर येणारी वळचण जेमतेम ४ इंच. आपल्याकडे पाऊस आडवा येतो, अडीच-तीन फूट हवीच. त्यात पाऊस आत येऊ नये म्हणून तिन्ही बाजू बंद. कोंबड्यांच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ जाणार कुठे? झरोके वळचणीखाली, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हवेत. नाहीतर खाली अंथरलेलं तूस ओलं होतं, अमोनियाने डोळे चुरचुरतात आणि मागोमाग रक्ती हगवण. तक्रार केली तर विक्रेता सांगतो, “चुना टाका.” ओल्या तुसावर चुना टाकला की अमोनिया आणखी उसळतो! आधी ओलं तूस काढा, कोरडं २-३ इंच घाला, मग खालीवर करत राहा. मुठीत दाबल्यावर गोळा होऊन तसाच राहिला तर ते बदलायलाच झालं. पाण्याचं भांडं गळत नाही ना, तेही बघा.

पोलीस म्हणाले, “माल मिळाला ना? मग दिवाणी प्रकरण.” सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर पैसे तुम्हीच पाठवलेत, असं उत्तर. बँकेचंही तेच. पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगितलं, “आम्ही पक्षी बघतो, पिंजरा नाही.” २०१९ साली कडकनाथ जातीच्या कोंबड्यांच्या नावावर शेतकऱ्यांना गंडवलं, तरीही कोंबडीच्या धंद्यातली फसवणूक कोणालाच फसवणूक वाटत नाही! चार दारं, चारही बंद. आणि तो विक्रेता त्याच नंबरवर नव्या गिऱ्हाइकांचे पैसे घेतोय.

खोकं उघडताना व्हिडिओ काढा, फुगलेल्या कडेचा तुकडा जपून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. विक्रेता “पुण्याला येऊन केस करा” म्हणून घाबरवतो, ते साफ खोटं आहे.